सरफोजी आणि श्वार्ट्‌झ : बंदिवासानंतरची विद्या

बंदिवास संपला की माणूस मोकळा होतो; परंतु पुढील आयुष्यास तो सिद्ध व्हावा, यासाठी कोणाचा तरी आधार लागतो. तंजावरच्या मराठी राजकुलात याचे ठळक उदाहरण दुसऱ्या सरफोजींचे होय. १७८७ मध्ये तुळजाजींनी त्यांना बालपणी दत्तक घेतले. त्याच वर्षी तुळजाजी निवर्तले आणि अमरसिंहांच्या कारकिर्दीत सरफोजी नजरकैदेत पडले. जर्मन मिशनरी श्वार्ट्‌झ यांनी त्यांचा कैवार घेतला. १७९३ मध्ये त्यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले.

फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्‌झ वारले. जूनमध्ये सरफोजी गादीवर आले. मात्र १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राज्यासाठी घडविलेल्या शिष्याच्या हाती राज्य उरले नाही, विद्या उरली. सरफोजींनी धर्म बदलला नाही. तरीही गुरूच्या स्मृतिशिलेसाठी इंग्रजी पद्यपंक्ती स्वतः रचल्या. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात त्यांनी जगाचा भूगोल गुंफला, नवविद्याकलानिधी शाळा स्थापिली, छत्रांतून विद्यार्थ्यांच्या अन्नाची व अध्ययनाची सोय केली. म्हणून या गुरुशिष्यसंबंधाचे मोल धर्मांतराने किंवा कंपनीच्या लाभाने ठरवू नये. ती विद्या पुढे कोणाकोणापर्यंत पोचली, यावरून ठरवावे.