भागीचं घोडं

'भागीचं घोडं किवणानं मेलं' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. घोडं दोघांचं. बसायला दोघेही तयार. पण जखम चिघळली तेव्हा हा म्हणाला, तो बघेल, आणि तो म्हणाला, हा बघेल. घोडं बिचारं मधल्यामध्ये गेलं. चाळीत जन्म काढलेल्यांना ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. आमच्या चाळीत चौदा बिऱ्हाडं होती आणि जिन्यात एक सामाईक दिवा होता. होता म्हणजे दिव्याची जागा होती. बल्ब गेला की चौदाही बिऱ्हाडं आपापल्या घरी लख्ख उजेडात बसून जिन्यातल्या अंधारावर चर्चा करीत.

परवा हीच म्हण मी माझ्या भाच्याला ऐकवली. भाचा मोबाइलची ॲपं बनवतो. त्याच्या बोलण्यात दर तिसरा शब्द 'कोड' असतो. हा शब्द आमच्या पिढीला कोडं आणि कोडकौतुक या दोनच नात्यांनी ठाऊक. पण भाच्याचं ऐकल्यावर लक्षात आलं, की दोन्ही नाती खरीच आहेत. लिहिणाऱ्याला कोड कौतुकाचा असतो आणि पुढे तो सांभाळणाऱ्याला ते कोडं असतं.

भाच्याच्या धंद्यातलं दुखणं असं, की जगात फोन दोन घराण्यांचे. आयफोन 2007 साली आला, त्याचं ॲपचं दुकान जुलै 2008 मध्ये उघडलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. एका घराण्याची बोली ऑब्जेक्टिव्ह-सी, दुसऱ्याची जावा. म्हणजे एकच ॲप दोनदा लिहायचं, दोन तुकड्या पोसायच्या. मालकाला साहजिकच वाटलं, की एकदाच लिहावं आणि दोन्हीकडे वाढावं.

ही हौस तशी जुनी. 1973 साली बेल लॅबमध्ये थॉम्पसन आणि रिची यांनी युनिक्सचा गाभा एका यंत्राच्या बोलीतून काढून सी भाषेत नव्यानं लिहिला, त्यामुळे पुढे तो दुसऱ्या यंत्रांवर नेता आला. 1995 साली सन कंपनीनं जावा आणली आणि 'एकदा लिहा, कुठेही चालवा' अशी घोषणा दिली. प्रोग्रॅमर मंडळींनी लगेच तिचं 'एकदा लिहा आणि सगळीकडे निस्तरा' असं भाषांतर केलं. घोषणा आणि भाषांतर दोन्ही टिकून आहेत.

मोबाइलवाल्यांचा पहिला तोडगा सोपा होता. दोन्ही फोनांना वेबपेज दाखवता येतं ना? मग आतून वेबपेजच ठेवायचं आणि बाहेरून ॲपचा अंगरखा घालायचा. फोनगॅप नावाचं साधन यासाठीच निघालं. फेसबुकनंही असाच घरोबा केला. ॲप इतकं रेंगाळू लागलं, की 2012 च्या सप्टेंबरात झुकरबर्गनं चारचौघांत सांगून टाकलं, की एचटीएमएलवर फार भिस्त ठेवली, ही कंपनीची सगळ्यांत मोठी चूक झाली. त्याआधीच ऑगस्टमध्ये आयफोनसाठी वेगळं ॲप निघालं होतं. अँड्रॉइडचं डिसेंबरात आलं.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. फेसबुकनं तसं काही केलं नाही. 2015 च्या मार्चमध्ये त्याच कंपनीनं रिॲक्ट नेटिव्ह जगाला वाटलं. लिहायचं जावास्क्रिप्टमध्येच, पण पडद्यावर बटणं मात्र ज्या त्या फोनची अस्सल. एअरबीएनबीनं ते 2016 साली उत्साहानं घेतलं आणि 2018 च्या जूनमध्ये सोडत असल्याचं जाहीर केलं. ही मंडळी वाईट बोलली नाहीत हो! पुष्कळ गोष्टी चांगल्या झाल्या, असंच म्हणाली. पण जुना आयफोनचा कोड होताच, अँड्रॉइडचा होताच, त्यात हा तिसरा आला. दोन चुली मोडून एक करायला गेले आणि तीन पेटवून बसले.

मला सगळ्यांत चटका लावून गेली ती ड्रॉपबॉक्सची गोष्ट. 2013 च्या सुमारास त्यांची मोबाइलची तुकडी लहान होती आणि कामं डोंगराएवढी. त्यांनी सामाईक भाग सी++ भाषेत लिहिला. ही भाषा दोन्ही घराण्यांना कळते, पण तिच्याशी थेट बोलायला दोघंही बिचकतात. म्हणून मधे दुभाषी म्हणून त्यांनी 'जिनी' नावाचं साधन बनवलं. तिचा आमच्या जिन्याशी संबंध नाही, दिव्याशी असावा. काही वर्षं बरी गेली. मग हिशेब निघाला. इतरांना बाजारात आयती मिळणारी अवजारं यांना स्वतः घडवावी लागत. सी++ लिहिणारा आणि मोबाइलही जाणणारा माणूस शोधून सापडेना. आणि ज्या अनुभवी मंडळींनी हे सगळं उभं केलं होतं, ती कुणी दुसऱ्या कामावर गेली, कुणी नोकरी सोडून गेली. 2019 साली कंपनीनं मोकळेपणानं लिहिलं, की दोनदा लिहिण्यापेक्षा एकदा लिहिणंच महाग पडलं. मग स्विफ्ट आणि कोटलिन अशा दोन वेगळ्या चुली मांडल्या. घोडं गेलं ते दाण्यावाचून नव्हे. त्याचे पाय पाहणारे निघून गेले होते.

"पण मामा, सगळंच वेगळं करायचं म्हटलं तर चुकाही दोनदा होतात," भाचा म्हणाला.

ते खरं, पण एकत्र काय ठेवायचं याचा धडा मला रक्तदाबाच्या गोळीनं दिला. हिच्याकडे आयफोन, माझ्याकडे अँड्रॉइड. दोघांच्याही फोनांत गोळीची आठवण देणारं एकच ॲप. हिचा फोन रात्री नऊच्या ठोक्याला वाजतो. माझा कधी साडेनऊला, कधी मी उचलल्यावर. गोळी दोन-चारदा उशिरा झाली, तेव्हा घरात ॲपऐवजी माझी चौकशी सुरू झाली. भाच्यानं उलगडा केला. आयफोनमध्ये ॲप वेळ फोनच्या स्वाधीन करतं आणि घंटा फोन स्वतः वाजवतो. अँड्रॉइडमध्ये 2015 पासून, फोन बराच वेळ निपचित पडला की बॅटरी वाचवायला तो ॲपांना गाढ झोपवतो. साधा गजर मग मागे पडतो. अचूक वेळी उठवायला वेगळी विनंती करावी लागते, ती लिहिणाऱ्यानं केली नव्हती. गोळी कधी घ्यायची हा हिशेब दोन्हीकडे एकच, तो सामाईक असावा. घंटा कशी वाजवायची हे मात्र ज्याच्या त्याच्या घरचं.

पुढची साधनं आपापल्या परीनं हीच वाटणी करताना दिसतात. 2018 च्या डिसेंबरात पक्कं झालेलं गूगलचं फ्लटर पडदासुद्धा स्वतःच रंगवतं. 2023 च्या नोव्हेंबरात पक्कं ठरलेलं कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म म्हणतं, हिशेब एकत्र ठेवा, चेहरा हवा तर वेगळा ठेवा. आमच्या चाळीचा न्याय हाच होता. भिंती सामाईक, आमटीची चव ज्याची त्याची.

भाच्याच्या कंपनीतही असा सामाईक कोड आहे. मी विचारलं, "त्याला दाणापाणी कोण घालतं?"

"दोन्ही टीम मिळून," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मग जिन्यात जपून उतर."