जामखेड ते जनसुनवाई

जामखेड हा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला, बीड-उस्मानाबादच्या सीमेला लागून असलेला दुष्काळी तालुका. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तिथे कामाला आले. दोघेही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षे काढून त्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला होता. दवाखान्यातून बरा होऊन गेलेला माणूस त्याच आजाराने पुन्हा दारात उभा राहतो, हे वडाळ्याच्या अनुभवाने त्यांना दाखवले होते. पाणी खराब, पोटात अन्न कमी आणि बाळंतपण अंधाऱ्या खोलीत, तर औषध किती दिवस पुरणार?

सुरुवातीला गावोगावी नर्सबाई ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. शिकलेली, परगावची, एकटी राहणारी तरुण मुलगी गावाला आपली वाटेना आणि तिलाही तिथे राहणे जड जाई. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी, असे ठरले. निवडल्या गेलेल्या बहुतेक जणी मध्यमवयीन आणि निरक्षर होत्या. कितीतरी जणी दलित वस्तीतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. महाराष्ट्रातल्या आरोग्य स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाचा खरा इतिहास या बायकांपासून सुरू होतो.

त्या दर आठवड्याला जामखेडला मुक्कामी येत. वही-पेन्सिलीचा उपयोग नव्हता, म्हणून शिकवणे चित्रांतून, गाण्यांतून आणि गप्पांतून चाले. परत गेल्यावर गावात काय घडले, हे पुढच्या आठवड्यात प्रत्येकीने सांगायचे आणि त्यातूनच पुढचा धडा निघायचा. हगवण लागलेल्या मुलाचे पाणी तोडू नये, हा त्यातला एक. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ढवळून घोट घोट पाजत राहायचे. कृती दोन मिनिटांत पाठ होते. अवघड भाग पुढे असे. ‘पाणी पाजलं तर हगवण वाढेल’ म्हणणाऱ्या सासूसमोर बसून, तिचा मान राखून, तिच्याच हाताने ते पाणी पाजून घ्यायचे. त्यासाठी धीर लागतो आणि तो एका वर्गात येत नाही. सगळ्या जातींच्या बायका एका पंगतीत जेवत, एका छताखाली झोपत. ज्या बाईने गावात कधी कोणासमोर तोंड उघडले नव्हते, ती दहा-बाराजणींसमोर बोलायला इथे शिकली. या प्रशिक्षणाचे सर्वांत मोठे देणे हेच मानावे लागेल.

1972-73 च्या दुष्काळात कूपनलिका खोदल्या गेल्या तेव्हा हातपंप शक्यतो दलित वस्तीत बसवले गेले. पाणी हवे असेल त्याने तिथे यावे. पुढे शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. आरोग्य कार्यकर्ती एकटी पडली नाही, कारण तिच्या मागे गावातली माणसे जमली होती. 1971 मध्ये प्रकल्पाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे 176 बालके वर्षाच्या आत दगावत. 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेड होते. सप्टेंबर 1978 मध्ये आल्मा-आटा येथे 134 देशांनी ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय मान्य केले. त्यामागे चीनच्या ‘अनवाणी डॉक्टरां’बरोबरच, म्हणजे थोड्या प्रशिक्षणावर गावात उपचार करणाऱ्या गावकऱ्यांबरोबरच, अशा खेड्यांचाही आधार होता. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अलिबागजवळ मांडव्याला डॉ. नोशीर अंटिया यांनीही गावातल्या बायकांना तयार केले. तिथले काम मात्र स्थानिक पुढाऱ्यांच्या विरोधामुळे गुंडाळावे लागले. माणसे प्रश्न विचारू लागली की विरोध येतो, हे तेव्हाच दिसले होते.

सरकारने ही कल्पना लवकर उचलली. जनता पक्षाच्या राजवटीत 2 ऑक्टोबर 1977 रोजी आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू झाली. हजार लोकसंख्येमागे एक माणूस, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना 50 रुपये मानधन आणि औषधांची पेटी. निवड झाली ती बहुतांशी पुरुषांची, आणि पुष्कळ ठिकाणी सरपंचाच्या मर्जीने. जामखेडची पेटी घेतली गेली, पण आठवड्याचा मुक्काम, मंडळे आणि पाठीशी उभे राहणारे गाव मागेच राहिले. 1981 मध्ये योजनेला ‘ग्राम आरोग्य मार्गदर्शक’ हे नाव मिळाले. नाव बदलूनही ती हळूहळू निस्तेज होत गेली.

पुढचे पाऊल लोकचळवळीतून पडले. डिसेंबर 2000 मध्ये बांगलादेशात सावर येथे जागतिक जन आरोग्य सभा भरली. त्याच सुमारास भारतात जन स्वास्थ्य अभियान उभे राहिले. महाराष्ट्रात ते ‘जन आरोग्य अभियान’ म्हणून ओळखले जाते. आरोग्य सेवा हा लोकांचा हक्क आहे, ही मागणी त्याने लावून धरली. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, गावोगावी ‘आशाताई’ या आरोग्य कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. 2007 मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. तिचे राज्यातले संयोजन पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होते.

या वेळचे शिक्षण निराळे होते. उपकेंद्रात कोणती सेवा फुकट मिळायलाच हवी, औषधांचा साठा कसा पाहायचा, गावाच्या आरोग्य समितीला वर्षाला मिळणारे 10,000 रुपये कशावर खर्चता येतात, हे समितीच्या सदस्यांनी शिकून घेतले. मग घरोघरी विचारून गावाचे प्रगतिपत्रक भरले जाई. सेवा चांगली तर हिरवा रंग, जेमतेम तर पिवळा, वाईट तर लाल. अक्षर न येणाऱ्या बाईलाही भिंतीवरचा लाल रंग कळतो. हे पत्रक घेऊन लोक जनसुनवाईला येत. समोर वैद्यकीय अधिकारी आणि पंचायत समितीची माणसे बसलेली. बाळंतपणाला पैसे मागितले, बाहेरून औषध आणायला सांगितले, अशा तक्रारी तारखेसह मांडल्या जात आणि अधिकाऱ्याला तिथेच उत्तर द्यावे लागे. बऱ्याच केंद्रांत बाहेरच्या चिठ्ठ्या कमी झाल्या, डॉक्टर वेळेवर येऊ लागले.

मीठ-साखरेच्या पाण्याने सुरू झालेले हे शिक्षण पस्तीस-चाळीस वर्षांत सरकारला जाब विचारण्यापर्यंत पोचले. राजस्थानने मार्च 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तो देशातला पहिला. ज्या राज्यात हे सारे घडले, त्या महाराष्ट्राने तसा कायदा अजून केलेला नाही. तो व्हायला हवा.