ढूंढाडच्या प्रेक्षकाचा शब्द

जयपूर आणि त्याच्या भोवतालच्या प्रदेशाला जुन्या काळापासून ढूंढाड म्हणतात. तिथल्या खेड्यांत ढूंढाडी ही राजस्थानी बोली बोलली जाते. या प्रदेशात दूरचित्रवाणी खेड्यांत आधी आली आणि शहरात नंतर पोचली. भारताच्या इतर भागांतील क्रम बहुधा याच्या उलट असल्यामुळे मालिका पाहणाऱ्या माणसाने मालिकेविषयी काय म्हटले, ते कोणी ऐकून घेतले आणि कोणी ऐकले नाही, या प्रश्नाचा इतिहास जयपूरच्या बाबतीत वेगळा ठरतो. कार्यक्रमांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला असला, तरी त्यांवरच्या प्रतिक्रियांचा इतिहास अजून विखुरलेलाच आहे.

१ ऑगस्ट १९७५ रोजी ‘साइट’, म्हणजे उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग, सुरू झाला. अमेरिकेने एका वर्षासाठी दिलेल्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत थेट प्रक्षेपण होऊ लागले आणि त्यांत जयपूर परिसरातील खेडीही होती. कल्पना विक्रम साराभाईंची होती. ती प्रत्यक्षात आणणाऱ्यांत कार्यक्रम व्यवस्थापक म्हणून एकनाथ वसंत चिटणीस हे मराठी शास्त्रज्ञ अग्रभागी होते. शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची तबकडी बसवलेली असे आणि खाली सामुदायिक दूरचित्रवाणी संच ठेवलेला असे. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी अडीच तास मोठ्यांसाठी कार्यक्रम होत, त्यांत शेती, आरोग्य व कुटुंबनियोजन यांबरोबर नाट्यरूपातील प्रसंग आणि लोककलाही असत. वडीलधाऱ्यांसमोर घूंघट काढून वावरणाऱ्या स्त्रिया गावकीच्या जागेत, पुरुषांच्या देखत, पडद्यासमोर येऊन बसू लागल्या, ही या सायंकाळची सर्वांत लक्षणीय गोष्ट होती.

या प्रयोगाची खरी थोरवी मात्र तबकडीत नाही. प्रेक्षकाला काय वाटले हे विचारणे हा प्रक्षेपणाइतकाच महत्त्वाचा भाग मानला गेला, यात ती आहे. कार्यक्रम पाहिल्यावर गावकऱ्यांच्या मुलाखती घेण्यासाठी पाहणी करणारी माणसे नेमली गेली. त्याशिवाय काही निवडक गावांत मानववंशशास्त्रज्ञ दीर्घकाळ राहिले आणि पडद्यासमोरचे बोलणे, कुजबुज, कंटाळा, मध्येच उठून जाणे हे सारे त्यांनी टिपून ठेवले. त्यातून हाती आलेली उत्तरे कार्यक्रम करणाऱ्यांना अनपेक्षित होती. खेड्यातील माणसाला करमणूक हवी असणार, अशी शहरी निर्मात्यांची समजूत होती. परंतु नाचगाण्यांच्या आणि तथाकथित सांस्कृतिक कार्यक्रमांपेक्षा उपयोगाची माहिती देणारे कार्यक्रम गावकऱ्यांनी अधिक पसंत केले, आणि ज्ञानातील वाढ विशेषतः स्त्रियांत व निरक्षरांत दिसून आली. दुसरे उत्तर भाषेविषयीचे होते. राजस्थान, बिहार व मध्य प्रदेश यांसाठी दिल्लीत तयार होणारे कार्यक्रम एकाच हिंदीत असत आणि ही हिंदी गावच्या बोलीपासून दूर पडत असल्याने अनेकांना ती नीट उमगत नसे. या देशात दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाचे म्हणणे इतक्या आस्थेने आणि इतक्या बारकाईने पुन्हा क्वचितच नोंदवले गेले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला आणि उपग्रह परत गेला. त्याच वर्षी जयपूर शहरात ‘राजमंदिर’ हे भव्य चित्रपटगृह उघडले. शहराचा प्रेक्षक झुंबरांखाली बसून चित्रपट पाहत असताना भोवतालच्या खेड्यांतील संच मात्र बंद पडले होते. पुढच्या वर्षी, १९७७ मध्ये, ‘साइट’चे काम तुटू नये म्हणून जयपूरला जमिनीवरून प्रक्षेपण करणारे केंद्र सुरू झाले, परंतु त्याचे कार्यक्रम दिल्लीतच तयार होत राहिले.

प्रेक्षकाचा शब्द पुन्हा ठळकपणे उमटला तो ‘हम लोग’ या मालिकेमुळे. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही मालिका ७ जुलै १९८४ ला सुरू झाली आणि १९८५ च्या डिसेंबरात संपली. करमणुकीच्या कथेत समाजशिक्षणाचा हेतू गुंफण्याची तिची पद्धत मेक्सिकोतील मालिकांवरून घेतलेली होती. पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका उघड होता की प्रेक्षकांनी नापसंती स्पष्टपणे कळवली, आणि लेखकाला तो सौम्य करून घरगुती सुखदुःखांकडे वळावे लागले. प्रेक्षकांच्या सांगण्यावरून कथेने दिशा बदलल्याचे हे भारतीय दूरचित्रवाणीतील पहिले मोठे उदाहरण होय. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी बोलत, त्यामुळे त्यांना उत्तर लिहिणे लोकांना अगदी स्वाभाविक वाटे. १५ पैशांच्या पोस्टकार्डांवर आणि आंतर्देशीय पत्रांवर लिहून देशभरातून आलेल्या पत्रांची संख्या सुमारे चार लाखांपर्यंत गेली, ज्यांत मालिकेतील थोरल्या बडकीने लग्न करावे की नाही, मधल्या मझलीने मुंबईची वाट धरावी की नाही, याविषयी घरच्या मुलीला द्यावा तसा सल्ला असे. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी या पत्रांचा अभ्यास केला. सोसत राहणारी आई भागवंती ही लेखकाने टाळण्याजोगे उदाहरण म्हणून उभी केली होती, पण अनेक प्रेक्षकांनी, त्यांत स्त्रियाही होत्या, तिलाच आदर्श मानले. ही प्रतिक्रिया चुकीची ठरवून बाजूला सारणे सोपे आहे. पण तिच्यात त्या काळच्या घराघरांतील स्त्रीजीवनाचा जेवढा प्रामाणिक पुरावा आहे, तेवढा स्वतः मालिकेतही नाही.

‘रामायण’ (१९८७–८८) आणि ‘महाभारत’ (१९८८–९०) यांच्या काळात रविवारची सकाळ रस्ते ओस पाडणारी ठरली, हे सर्वश्रुत आहे. तिथे प्रतिक्रिया भक्तीत विरघळून गेली आणि मतभेदाला फारशी जागा उरली नाही.

‘बालिका वधू’ने ती जागा पुन्हा निर्माण केली. २१ जुलै २००८ पासून दाखवल्या गेलेल्या या मालिकेत राजस्थानातील जैतसर गावी बालवयात लग्न होऊन आलेल्या आनंदीची कथा होती, आणि दादीसा या कठोर आजेसासूची भूमिका सुरेखा सिक्री यांनी केली होती. बालविवाह रोखणारा १९२९ चा कायदा अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाने ओळखला जातो, तरीही आखा तीज, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सामूहिक बालविवाहांचा मुहूर्त म्हणून राजस्थानात दीर्घकाळ टिकून होता. जयपूर जिल्ह्यातील भटेरी गावी १९९२ मध्ये असा विवाह थांबवू पाहणाऱ्या साथिनीला, म्हणजे सरकारी महिला विकास कार्यक्रमातील ग्रामकार्यकर्तीला, त्याची भयंकर किंमत मोजावी लागली होती. त्यामुळे या प्रदेशातील प्रेक्षकासमोर पडद्यावर जे येत होते ते परके नव्हते. मालिका प्रथेला विरोध करते की तिला सजवून दाखवते, या वादातून २००९ मध्ये संसदेतही बंदीची मागणी झाली.

२०१३ मध्ये झी टीव्हीवर ‘जोधा अकबर’ सुरू झाली तेव्हा जयपुरात राजपूत संघटनांनी निदर्शने केली. याच विषयावरचा चित्रपट २००८ मध्ये राजस्थानातील चित्रपटगृहांत लागू शकला नव्हता. आक्षेपाला ऐतिहासिक आधार होता, कारण १५६२ मध्ये सांभर येथे अकबराशी विवाह झालेली आमेरच्या राजा भारमलची कन्या समकालीन फारसी ग्रंथांत जोधा या नावाने येत नाही, आणि जोधबाई हे नाव जहांगीरच्या जोधपूरकडील राणीशी जोडलेले आहे. तरीही रस्त्यावरच्या घोषणेला प्रेक्षकाची प्रतिक्रिया म्हणता येत नाही. घोषणा मालिका थांबवू पाहते, तर प्रेक्षक रोज रात्री तिच्याशी भांडत तिला पाहत राहतो. दुर्दैवाने वर्तमानपत्रांत जागा पहिलीला मिळाली.

दुसऱ्या बाजूला, घरात बसलेल्या प्रेक्षकाचे मत आता टीआरपी या आकड्यात सामावले होते. निवडक घरांतील संचाला ‘पीपल मीटर’ नावाचे यंत्र जोडून कोणती वाहिनी किती वेळ लावली गेली हे मोजायचे, अशी ही पद्धत होती. यंत्राला पाहणे कळते, पण पाहताना आलेला राग किंवा डोळ्यांतले पाणी कळत नाही. शिवाय ही यंत्रे शहरांतच बसवलेली होती. ‘साइट’च्या काळात ज्या खेड्यांत जाऊन माणसांनी माणसांना विचारले होते, ती खेडी मोजणीतून वगळली गेली, आणि नव्या मापन संस्थेच्या, म्हणजे बार्कच्या, आकडेवारीत ग्रामीण भारत प्रथम आला तो २०१५ च्या ऑक्टोबरात. राजस्थानी खेड्याची गोष्ट सांगणाऱ्या ‘बालिका वधू’चा शेवटचा भाग ३१ जुलै २०१६ रोजी, ‘साइट’ बंद झाल्यानंतर बरोबर ४० वर्षांनी दाखवला गेला, आणि तिच्या आठ वर्षांपैकी पहिली सात वर्षे राजस्थानच्या एकाही खेड्यातील प्रेक्षक तिच्या टीआरपीत धरलेला नव्हता.