सूज उतरते ती कशाने?

शाळेच्या मैदानात बाभळीचा काटा पायात मोडल्यामुळे माझ्या वर्गातील एक मुलगा तीन दिवस लंगडत येत होता. चौथ्या दिवशी पाय पुष्कळसा उतरला, तेव्हा त्याने मला विचारले, "सर, एवढी सूज आली होती, ती गेली कुठे?" सूज का येते, हे मी वर्गात अनेकदा शिकविले आहे. ती जाते कुठे, हा प्रश्न मात्र मला स्वतःला कधी पडला नव्हता. पुढे वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की, वैद्यकशास्त्रालाही तो फार उशिरा पडला.

सुजेची ओळख तशी प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही तिची चार लक्षणे नमूद केली. आपल्या सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था वर्णिल्या असून, कच्चा शोथ चिरणारा आणि पिकलेल्याची उपेक्षा करणारा, अशा दोन्ही वैद्यांना तीत सारखाच दोष दिला आहे. शोथाला त्याचा स्वतःचा काळ असतो, ही जाण त्यात आहे. परंतु तो काळ कोण ठरवितो, हे सांगण्याची साधने त्या काळी कोणापाशीच नव्हती.

स्कॉटिश शल्यवैद्य जॉन हंटर 1761 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यालगतच्या बेल-ईल बेटावरील लढाईत सैन्याबरोबर होता. गोळीची जखम चिरून मोठी करावी, अशी त्या वेळची रीत. तेथे काही जखमी सैनिक काही दिवस एका ओसाड घरात लपून राहिले. त्यांच्या जखमांना कोणाचा हात लागला नाही, आणि तरीही ते इतरांपेक्षा वाईट अवस्थेत नव्हते. हंटरने ही गोष्ट मनात ठेवली. त्याच्या मृत्यूनंतर, 1794 मध्ये, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने म्हटले की, शोथ हा मुळात रोग नसून शरीराची एक हितकारक क्रिया आहे. गोळ्या झेललेल्यांकडे पाहून सुचलेला हा विचार मला त्याच्या साऱ्या शस्त्रक्रियांहून मोलाचा वाटतो.

पुढचे शतक सूक्ष्मदर्शकाचे. जर्मनीत कोनहाइम याने 1867 मध्ये बेडकाच्या आतड्याचे पातळ पटल भिंगाखाली ताणून धरले आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून पांढऱ्या पेशी बाहेर पडताना पाहिल्या. त्या कशासाठी बाहेर पडतात, याचे उत्तर 1882 साली सिसिलीतील मेसिना येथे मेच्निकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाला मिळाले. घरची मंडळी सर्कस पाहावयास गेली होती. हा एकटाच भिंगापाशी बसला होता. त्याने बागेतील गुलाबाचे काटे आणून तारामाशाच्या पारदर्शक अळीत खुपसले. याच बागेतील संत्र्याचे एक झाड काही दिवसांपूर्वी मुलांसाठी नाताळचे झाड म्हणून सजविले होते. सकाळी पाहतो तो काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा पडलेला! परक्या पदार्थाला गिळणाऱ्या या भक्षकपेशींच्या शोधाबद्दल त्याला 1908 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. (मुंबईत 1897 मध्ये प्लेगची लस सिद्ध करणारे हाफकिन हे याच मेच्निकॉफचे ओडेसा येथील विद्यार्थी.)

येथपर्यंतची कथा सूज येण्याची. ती जाण्याविषयी समजूत अशी होती की, काटा निघाला, जंतू मेले, म्हणजे पेटविणारी रसायने आपोआप विरळ होतात आणि सर्पण संपलेल्या चुलीप्रमाणे शोथ विझतो. ही समजूत अपुरी ठरली. सुजेच्या जागी आधी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी अल्पायुषी असतात. त्या तेथेच फुटल्या तर त्यांच्यातील दाहक द्रव्ये सभोवतालच्या निरोगी मांसालाच जाळतील. तसे सहसा होत नाही. 1972 मध्ये ॲबर्डीन येथील संशोधकांनी पेशींच्या शिस्तबद्ध मरणाचे वर्णन केले आणि झाडाची पाने गळणे या अर्थाचा ग्रीक शब्द त्याला दिला. 1989 मध्ये सॅव्हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, अशा रीतीने मरू घातलेल्या पेशींना मोठ्या भक्षकपेशी ओळखतात आणि न फुटताच गिळतात. असे गिळल्यावर त्या भक्षकपेशींचे वर्तनही बदलते; त्या दाह शमविणारी आणि दुरुस्तीला चालना देणारी द्रव्ये सोडू लागतात. साचलेला द्रव लसवाहिन्यांवाटे निघून जातो. माझ्या विद्यार्थ्याची सूज गेली ती येथे.

हा बदल घडवून आणणारी रसायनेही सापडली. 1984 मध्ये स्टॉकहोम येथे सेरहान आणि सॅम्युएल्सन यांनी लायपॉक्सिन ही द्रव्ये शोधली. 2000 नंतर सेरहान यांनी बोस्टन येथे रिझॉल्विन उजेडात आणली. माशांच्या तेलात आढळणाऱ्या मेदाम्लांपासून शरीर ती घडविते. (एवढ्यावरून कोणी तारली-बांगड्याला औषध ठरवू नये.) सर्वांत नवल हे की, आरंभी दाह वाढविणारी प्रोस्टाग्लँडिनेच पुढे पेशींना शामक द्रव्ये बनविण्याची सूचना देतात. पेटविणाराच विझविणाऱ्याला हाक घालून ठेवतो, असे म्हणा ना!

येथे एक अडचण उभी राहते. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिने रोखते, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये सिद्ध केले, आणि वेदनाशामक गोळ्यांची एक मोठी परंपरा त्या ज्ञानावर उभी राहिली. पण 1999 मध्ये लंडन येथे उंदरांवरील प्रयोगात असे दिसले की, शोथ उतरणीला लागल्यावर तशाच काही औषधांनी तो शमण्याऐवजी रेंगाळला. माझ्या आईच्या बोटांचे सांधे आमवाताने वाकडे झाले आहेत. तिच्या शरीरात आग लावणारा काटा कोणताच नाही. तरी ती विझत नाही. तिच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू आहेत आणि त्यांच्यामुळे ती अद्याप स्वतःच्या हाताने भाकरी थापते, म्हणून त्या गोळ्यांना मी नावे ठेवणार नाही. परंतु आग नुसती दाबण्याऐवजी विझण्याची क्रियाच जागी करणारे औषध तिच्यासारख्यांना मिळावे, यासाठी प्रयोगशाळांतून खटपट चालली आहे.

त्या मुलाला मी हे सारे सोपे करून सांगितले. त्याने तळपाय उलटा करून नीट न्याहाळला, आणि मधल्या सुट्टीत तो पुन्हा अनवाणीच मैदानात धावला.