कांद्याचं फूल

गेल्या दिवाळीच्या सुमारास मी एक शहाणपणा केला. आंतरजालावर फिरताना जांभळ्या चेंडूंचे फोटो दिसले. गुडघाभर उंच दांडा, त्यावर गोल गरगरीत फुलांचा गोळा. नाव 'अ‍ॅलियम'. पाच कंद मागवले, गच्चीवरच्या दोन मोठ्या कुंड्यांत लावले आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन पाहायला जाऊ लागलो.

आईने पाकिटावरचं चित्र नीट निरखलं आणि म्हणाली, "हा तर कांदा आहे रे! कांदा काय फुलं पाह्यासाठी लावतेत का?"

बरोबरच होतं तिचं. अ‍ॅलियम म्हणजे कांदा-लसणाचंच कुळ. १७५३ साली लिनीयसने आपल्या कांद्याचं नाव 'अ‍ॅलियम सेपा' असं नोंदवलं, आणि माझ्या कुंडीतले ते परदेशी पाहुणे त्याचेच चुलतभाऊ. त्यातला सर्वात दांडगा 'अ‍ॅलियम जायगँटियम' मध्य आशियातला. सेंट पीटर्सबर्गच्या वनस्पती उद्यानातल्या एदुआर्द रेगेल यांनी १८८३ साली त्याचं वर्णन केलं. पुढे डच लोकांनी ह्या डोंगरी कांद्यांना बागेत आणलं, त्यांचे वाण केले आणि कंद जगभर विकले. म्हणजे आपण ज्याची पात चिरून झुणक्यात घालतो, त्याच्या भावाला त्यांनी दिवाणखान्यासमोर उभं केलं!

आपल्याकडे ह्या कुळाचा इतिहास मात्र मानापमानाचा. मनुस्मृतीने लसूण आणि पलांडू द्विजांना वर्ज्य ठरवले. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगाने लिहून ठेवलंय की कांदा-लसूण खाणाऱ्याला गावकुसाबाहेर राहावं लागे. आणि त्याच्याही आधीच्या काळात कुणीतरी भूर्जपत्रावर लसणाचं भरभरून गुणगान लिहीत होतं. १८९० साली हॅमिल्टन बॉवर नावाच्या इंग्रज लेफ्टनंटला मध्य आशियातल्या कुचा इथे एक जुनं हस्तलिखित मिळालं. आपल्या आयुर्वेदाचंच, संस्कृतातलं. त्याची सुरुवातच लसणापासून होते. राहूच्या रक्ताच्या थेंबांतून लसूण उगवला म्हणून ब्राह्मणांनी तो खाऊ नये, असं सांगून झाल्यावर पळवाटही दिली आहे: गाईला लसूण खाऊ घाला आणि तिचं दूध प्या. (कायदा आणि पळवाट एकाच पानावर, ही आपली परंपरा किती जुनी आहे पाहा.) मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची. त्यात लसणाचा उत्सव सांगितलाय. थंडीत घरादाराला लसणाच्या माळा लावायच्या. म्हणजे हे कुळ शोभेसाठी वापरण्याचा मान काही एकट्या डच लोकांचा नाही.

मराठीने तर आणखी एक गंमत केली. संस्कृतात 'कंद' म्हणजे जमिनीखालचा कुठलाही गड्डा. आपण ते सगळ्या गड्ड्यांचं नाव उचलून एकट्या ह्यालाच देऊन टाकलं. चातुर्मासात तो खायचा नाही, पण खायचा नाही म्हणून आधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून पोट भरून घ्यायचं! शारंगधर बालाजीच्या ह्या गावात आमच्या घरी कांदेनवमीला जेवढी भजी तळली जात, तेवढी दिवाळीला चकलीही होत नसे.

असो. माझे डच कंद उगवले, दोन-दोन पानं टाकली आणि फेब्रुवारीत पिवळे पडून बसले. दांडा नाही, फूल नाही. मग अभ्यास केला (आधी करायला हवा होता). ह्या कंदांना फुलायला अनेक आठवड्यांची कडक थंडी लागते. मेहकरचा हिवाळा त्यांच्या दृष्टीने गुलाबी उन्हाळाच. उष्ण प्रदेशात हौशी लोक कंद दोन-तीन महिने फ्रिजमध्ये ठेवून मग कुंडीत लावतात म्हणे.

थंडीची अट आपल्या कांद्यालाही आहे, पण तो इथल्या थंडीवर भागवून घेतो. कांदा खरं तर दोन हंगामांचं झाड. पहिल्या हंगामात पोसतो, दुसऱ्यात फुलतो. आपण मधेच त्याला खातो म्हणून फूल दिसत नाही. पहिल्याच हंगामात दांडा आला तर त्याला डेंगळे आले म्हणतात आणि शेतकरी कपाळाला हात लावतो. पण बी हवं असेल तर निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावायचे. आमच्या भागात हे पीक बरंच घेतात. जानेवारी-फेब्रुवारीत रस्त्याने जाताना पांढऱ्या गोंड्यांचं शेत दिसलं की ते बियाण्याचं समजावं. एकेका गोंड्यात शेकडो फुलं. फुलाचे परागकण आधी सुटतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, म्हणून दुसऱ्या फुलावरचे परागकण आणून द्यायला मधमाशी लागते. आणि नेमक्या ह्याच दिवसांत आभाळ फिरतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवते ना? काकांच्या वावरातले दांडे कुणी विळ्याने कापावेत तसे पडले होते. काका बांधावर बसून होते, कुणाशी बोलले नाहीत.

आजी मात्र विकण्यासाठी नाही, घरासाठी बी धरायची. पैनगंगेच्या बाजूला आमचं वावर होतं, त्याच्या कोपऱ्यात दरवर्षी पंधरा-वीस कांदे. फिकट गुलाबी, चपटे, एका डोळ्याचे. वरचा तिसरा हिस्सा कापून आत एकच कोंब आहे का पाहायची आणि मगच लावायची. गोंड्यात काळे दाणे दिसू लागले की एकेक गोंडा तोडून सुपात, सावलीत. ते बी कुठून आलं विचारलं तर म्हणायची, "माह्या सासूनं देल्लं." तिच्या सासूला कुणी दिलं ते विचारायचं राहिलं.

कांद्याचं बी साध्या घरात वर्षभरच धड राहतं. पुढच्या वर्षी निम्मंही उगवत नाही. म्हणजे ही साखळी दरवर्षी नव्याने जोडावी लागते. २००६ च्या दिवाळीनंतर आजी गेली. तेराव्याच्या गडबडीत माळ्यावर टांगलेले तिचे निवडलेले कांदे कुणीतरी खाली काढले आणि भाजीत घातले. कुणीतरी काय, मीच काढून दिले होते. मला कांदे आणायला सांगितलं, मी समोर दिसले ते आणले. पाहुणे खूप होते. तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या हंगामात बाबांनी दुकानातून बियाण्याचं पाकीट आणलं आणि मग तेच चालू राहिलं.

पुण्याजवळ राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. १९९४ साली नाशिकला सुरू झाली, १९९८ मध्ये तिकडे गेली. तिथे जुने वाण जपून ठेवतात. माझ्या मनात उगीच येऊन जातं की आमच्या आजीच्या कांद्याचा कुणी भाऊबंद तिथल्या एखाद्या बरणीत असेल.

तर डच कुंड्यांचं काय झालं? नोव्हेंबरात आईने मला न सांगता त्यातल्या एका कुंडीच्या कडेने बाजारातले चार कांदे खोचले होते. वरून कापून, आजीसारखे. फेब्रुवारीत त्यांना दांडे आले, मग पातळ पापुद्रा फाटून पांढरे गोंडे उमलले. जवळून पाहिलं तर प्रत्येक फूल चांदणीसारखं, पाकळीवर हिरवी रेघ. दांडे पोकळ, वाऱ्याने वाकतात म्हणून आईने त्यांना काठ्या बांधल्या. मधमाशा कुठून आल्या कोण जाणे, पण सकाळी नऊ वाजता गच्चीवर गुणगुण असायची. शेजारच्या काकू विचारून गेल्या, "कोणतं फुलझाड आहे?" आईने पदराआड हसत "विदेशी आहे" म्हणून सांगितलं.

एप्रिलमध्ये बी काढलं. हुबेहूब कलौंजीसारखं दिसतं, म्हणून आईने डबीवर मोठ्या अक्षरांत 'कांद्याचं बी, फोडणीत टाकू नये' असं लिहून ठेवलंय. बाजारचे कांदे, त्यामुळे त्यांचं बी कसं निघेल सांगता येत नाही. लाल निघतील, पांढरे निघतील. आईचं म्हणणं, त्यातला चपटा दिसेल तो बाजूला काढायचा.