मधुमेहींची सोबत

इन्सुलिनपूर्व काळी एखाद्या बालकाला तीव्र मधुमेह जडला, की त्याचे दिवस भरले असेच समजले जाई. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्सुलिन शोधले, आणि मरणाची ती वाट अडली. १९२३ साली लंडनचे तरुण डॉक्टर रॉबिन लॉरेन्स याच औषधाने मृत्यूच्या दारातून परतले.

परंतु इन्सुलिन रोगाचे मूळ उपटीत नाही. नित्य सुई टोचावी लागते, अन्न तोलून घ्यावे लागते. ही साधना एकट्याने चालवणे अवघड. त्यात औषधाचा खर्च गरिबाला पेलणारा नव्हता. म्हणून १९३४ साली लॉरेन्स आणि त्यांचे रुग्ण, विख्यात कादंबरीकार एच. जी. वेल्स, यांनी मधुमेहींची संस्था स्थापिली. ऐपत असो वा नसो, प्रत्येकास इन्सुलिन मिळावे, हा तिचा एक प्रमुख हेतू होता.

आज दंडावर चिकटविलेले यंत्र रक्तशर्करेचा अंदाज क्षणोक्षणी दाखविते. त्या आकड्याने धीर खचू नये, यासाठी मात्र माणूसच लागतो. लॉरेन्स १९६८ पर्यंत जगले. त्यांची संस्था आजही कार्यरत आहे.