डाव्या हाताला कळलेले

उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, अशी आपल्याकडे शिकवण आहे. दानापुरती ती पाळता येईलही. कसबाच्या बाबतीत मात्र शरीराला ती पाळता येत नाही, असे १८९४ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या मानसशास्त्रीय प्रयोगशाळेने दाखवून दिले.

थिओडेट स्मिथ यांच्या प्रयोगात धातूतील बारीक छिद्रात, कडेला स्पर्श न होऊ देता, सुईसारखी कांडी घालायची होती. आरंभी डाव्या हाताला ५० टक्के वेळा यश आले. मग सुमारे दहा दिवस सराव झाला तो केवळ उजव्या हाताने. पुन्हा डावा हात आजमावला, तेव्हा यशाचे प्रमाण ७६ टक्के भरले. एमिली ब्राउन यांच्या प्रयोगात रबरी फुगा दाबून पारा चढवायचा होता. सरावाने उजव्या हाताची शक्ती ७० टक्क्यांनी वाढली, आणि स्वस्थ बसलेल्या डाव्या हाताची ४३ टक्क्यांनी!

प्रयोगशाळा चालवणाऱ्या एडवर्ड स्क्रिप्चर यांनी याला ‘क्रॉस एज्युकेशन’ म्हटले. यातील दुसरा शब्द आम्हाला महत्त्वाचा वाटतो. स्नायूला सराव घडतो. शिक्षण म्हटले की शिकणारा हाताच्या पलीकडे, मज्जासंस्थेत कोठेतरी आहे, हे मान्य करावे लागते. हे कुतूहल तसे जुनेच. उजव्या हाताने लिहायला शिकलेल्याचा डावा हात आरशातल्यासारखी उलटी अक्षरे काढू शकतो, याची जर्मनीत फेख्नर यांनी १८५८ मध्येच दखल घेतली होती.

येलच्या आकड्यांवर भाळून मात्र जाऊ नये. मोजमाप एकेका व्यक्तीचे. शिवाय डाव्या हाताची पहिली चाचणी हाही थोडा सरावच. पुढे सराव न करणारा गट तुलनेला ठेवून प्रयोग झाले. त्यांत परिणाम टिकला, पण शक्तीतील वाढ बहुधा पुष्कळच कमी भरली. प्लास्टरमधल्या हाताची शक्ती राखण्यासाठी दुसऱ्या हाताला व्यायाम देण्याची कल्पना यातूनच आली.

आणखी एक गोष्ट खटकते. मूळ लेखावर तिघांची नावे आहेत. नंतरच्या कथनांत बहुधा एकट्या स्क्रिप्चर यांचे उरते. येलने डॉक्टरेटच्या अभ्यासाला स्त्रियांना प्रवेश दिला तो १८९२ साली, या प्रयोगांच्या दोनच वर्षे आधी. स्मिथ यांना ती पदवी १८९६ मध्ये मिळाली.